पपडीवरची वाट

नांदेड
चैत्र वद्य ८, शके १८६८

चि. गुणा हिला उद्धवदादाचा आशीर्वाद.

मुलं शिरनाळला सुखरूप पोचल्याचा तुझ्या हणमंताचा निरोप मिळाला आणि जीव खाली बसला. परळीला गाडी बदलताना व्यंकट हरवतो की काय, अशी धास्ती होती. त्याला गाडीपेक्षा इंजिनात पाणी भरणारी सोंड जास्त आवडते. इथं सूनबाईचे दिवस भरत आलेत. लता बोलून दाखवत नाही, पण चालताना भिंतीला हात लावते. शेषेरावची नोकरी रेल्वेची, महिन्यातले वीस दिवस मुदखेडच्या पुढं हिमायतनगरकडं. घरात मी एक म्हातारा आणि शेजारच्या उमाबाई. म्हणून नातवंडं तुझ्या पदरात टाकली.

गुणा, यात एक भलं झालं. तुझ्या घरात आजवर अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. माझं पत्र तू चाकूरला वीरण्णाच्या दुकानात न्यायचीस, तो तूर पाखडता पाखडता अर्धं वाचायचा आणि अर्धं पोटात ठेवायचा. आता इंदू आहे. बारा वर्षांची, पण पाठांतर माझ्या शाळेतल्या कुठल्याही मुलापेक्षा चोख. हे पत्र तीच वाचते आहे ना? मग आपण दोघं भाऊबहीण इतक्या वर्षांनी मध्ये परका माणूस न घेता बोलतो आहोत.

चैत्र सरत आला. आपलं तळं आता मागं हटलं असेल. कडेच्या चिखलानं पपडी धरली असेल, भाकरीवर धरते तशी. वर टणक, आत लगदा, आणि लगद्यात श्वास कोंडून बसलेल्या मरळी. वैशाखात भोयानं काठीनं तळं चाचपावं, जिथं पाय ठरेल तिथं लिंबाचे डहाळे रोवावेत, आणि मग घरंच्या घरं पोराबाळांसकट पपडीवर उतरावीत. हलकी म्हणून पोरं पुढं, जड म्हणून मोठी माणसं मागं, फळ्या टाकून. पहारीनं पपडीला भोक पाडायचं, गळाला बेडकाचं पिल्लू लावून आत सोडायचं आणि भोकाभोवती सगळ्या घरानं दम धरून बसायचं. मी भूगोल शिकवताना सांगत असे, उत्तरेच्या देशांत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून लोक असेच मासे धरतात. पोरं हसत. मी मनात म्हणे, आमच्याकडं बर्फ तेवढा नाही, बाकी सगळं तेच.

(इथून पुढचं चि. इंदूसाठी. आत्याआजीला वाचून दाखवलं नाहीस तरी चालेल, तिला हे सारं ठाऊक आहे.)

इंदू, तळ्याच्या पूर्वेला म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. त्याला पाठ लावून उभी राहा. समोर पल्याड बाभळींचं बन दिसेल. त्या रेषेत पपडीखाली मुरमाचा लांबट उंचवटा आहे, थेट तळ्याच्या मध्यापर्यंत. आम्ही दोघं त्याला हत्तीची पाठ म्हणत असू. तुझी आत्याआजी तेव्हा आठ वर्षांची, मी अकराचा. भोई यायच्या आधी, कोवळ्या उन्हात, आम्ही त्या पाठीवरून पळत मध्यावर गेलो होतो. चहूकडं तळं आणि मधोमध आम्ही दोघं, कोरडे. पोरी, तेवढा मोठा मी पुन्हा कधी झालो नाही.

तुझा आजोबा,
उद्धव


शिरनाळ, चाकूरजवळ
चैत्र वद्य १३

दादास गुणाबाईचा नमस्कार.

पोरगी इचारती, आत्याआजी, तुमी बोलता तसंच लिहू का नीट करून लिहू? म्या म्हनलं, तसंच लिही, माझा दादा मास्तर झाला म्हून माझी बोली इसरला न्हाई.

पोरं बरी हायेत. व्यंकटानं आल्या आल्या आपला सदरा वासराला घातला आन सोता उघडा हिंडून राहिला. म्या म्हनलं, बाबा, वासराला टोपी कामून न्हाई घातली? तर म्हनतो, त्याची शेंडी मोडंल. इंदू शहानी हाय, पन लई इचार करती. भाकर हातात धरून कुठंतरी बघत बसती, अगदी तुज्यावानी. लताला म्हनावं, पायऱ्या चढू नको, आन उमाबाईला सांग, तिला एकटी सोडू नको. पैली दोन झाली म्हून तिसरं सोपं ऱ्हातं असं न्हाई.

भुजंग भोई काल येऊन गेला. म्हनला, एकादशी झाली की द्वादशीला पपडी. दर साली बापाच्या मागं त्योच तळं चाचपतो. पाय थकले, पन काठी हातात आली की पंचविशीतला. हणमंतानं फळ्या काढून ठिवल्या. पोरास्नी नेतो म्हनलाय. तू बी असतास तर बरं झालं असतं. तळं बघायला तुला बारा सालं झाली.

गुणाबाई

आजोबा, आता माझं. आत्याआजी उठून गेल्या आहेत. तुमचा भाग मी मनातच वाचला, पण व्यंकटला दाखवला. तो म्हणतो, कुणाला सांगू नको, नाहीतर हणमंतकाका आपल्याला फळीवर बसवून ठेवतील. आम्ही म्हसोबाच्या दगडापर्यंत जाऊन आलो. पाठ लावून पाहिलं, बाभळी दिसतात. पण हत्तीची पाठ कुठून सुरू होते ते कसं ओळखायचं? सगळी पपडी सारखीच दिसते.

इंदू


नांदेड
वैशाख शुद्ध २

चि. गुणा हिला आशीर्वाद.

तुझं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरलेलं वाचून, मध्ये चूल पेटलेली आहे आणि तू फुंकणी खाली ठेवून बोलते आहेस असं वाटलं. लता ठीक आहे. उमाबाई दिवसातून तीनदा येतात आणि तीनदा मलाच रागावतात, की मी तिला कविता वाचून दाखवतो आणि झोपू देत नाही.

(इंदूसाठी.)

शाब्बास! शोध घ्यायचा तर असाच. ऐक. ऊन तापलं की तळ्याला भेगा पडतात, तुझ्या गणिताच्या वहीतल्या चौकटींसारख्या. पण हत्तीच्या पाठीवर भेगा नसतात. मुरूम ओल धरत नाही, म्हणून वरचा पातळ थर सारवल्यासारखा गुळगुळीत राहतो. भेगा संपल्या आणि गुळगुळीत लागलं, की समज, पाठीवर पाय पडला. माझ्या पावलांनी म्हसोबापासून तिथवर साठ पावलं होत. व्यंकटच्या पावलांनी जास्त भरतील.

भोयाच्या आधी जा, असं मी म्हणत नाही. पण खरं सांगू? डहाळ्यांमधून चालणं म्हणजे दुसऱ्यानं म्हटलेली कविता मागून म्हणणं. आम्ही गेलो तेव्हा साऱ्या तळ्यावर एकही पाऊल नव्हतं. तुम्हा दोघांसाठी दोन ओळी जुळवल्या आहेत, चालताना म्हणा:

हलके पाऊल, हलका श्वास,
मधोमध आहे मरळीचा वास.

तुझा आजोबा


शिरनाळ
वैशाख शुद्ध ६

दादास गुणाबाईचा नमस्कार.

पत्र पोचलं. इंदूनं वाचलं, पन लई लवकर सरलं. कागद मोठा दिसत व्हता.

हितं ऊन लई. तळ्याला आता पैल्यासारखं पानी ऱ्हात न्हाई, भुजंग म्हनतो औंदा मरळ बी खोल गेली. तीन सालांमागं सडकेला मुरूम पायजे म्हून कुन्या गुत्तेदारानं भोयाचा टेक पार उकरून नेला. दोन पुरुस खोल खड्डा झाला. दर पावसाळ्याला त्यात गाळ येऊन बसतो. गेल्या साली आमची म्हस तिथं गेली, दादा, शिंगं सुदीक दिसली न्हाईत. हणमंत दोन दिस जेवला न्हाई. आता भुजंग त्या अंगाला डहाळाच लावत न्हाई. सगळ्या गावाला ठावं हाय, तिकडं ढोर बी जात न्हाई. म्हून हणमंत म्हनतो, औंदा आपलं घर वडाच्या अंगानं उतरंल, पोरास्नी फळीच्या म्होरं दहा पावलंच सोडायचं.

लताचं कळीव. बाकी बरं.

गुणाबाई

आजोबा, वरचं लिहून झालं, आत्याआजी दळायला बसल्या. म्हशीचं ऐकून व्यंकट खूप रडला. भोयाचा टेक कुठल्या बाजूला आहे ते आम्हाला ठाऊक नाही, पण तुम्ही काळजी करू नका, आम्ही त्या बाजूला फिरकणारसुद्धा नाही. आम्ही फक्त तुमच्या हत्तीच्या पाठीवर जाऊ. एकादशीला सकाळी जायचं ठरवलं आहे, म्हणजे भुजंगबाबांच्या आधी, कोऱ्या तळ्यावर. काल लांबून पाहिलं. तुम्ही लिहिलं तसंच आहे, भेगा संपतात आणि पुढं सारवल्यासारखं. व्यंकट विचारतो, मरळीचा वास म्हणजे तिथं घाण येते का? मी म्हटलं, अरे, वास म्हणजे राहण्याची जागा. तर म्हणतो, मग आजोबांना घर म्हणता येत नाही का!

इंदू


नांदेड
वैशाख शुद्ध १०

इंदू,

हे पत्र हातात पडताच, उभी असशील तिथून, मोठ्यानं वाच. आत्याआजीसमोर वाच. माझी आधीची पत्रं काढ आणि तुझ्यासाठी म्हणून लिहिलेला शब्द न् शब्द तिला ऐकव.

भोयाचा टेक आणि हत्तीची पाठ एकच आहे. गाव त्याला भोयाचा टेक म्हणतं, हत्तीची पाठ हे नाव आम्हा दोघांपुरतं होतं. मुरूम होता तेव्हा तिथं गुळगुळीत दिसायचं, कारण खाली कोरडं होतं. आता मुरूम नाही. आता तिथं गुळगुळीत दिसतं, कारण दोन पुरुष खोल ओल आहे आणि भेग पडण्याइतकी पपडी वाळलेलीच नाही. खूण तीच राहिली आणि खालची जमीन गेली. मी तुला बोटानं वाट दाखवली ती थेट त्या खड्ड्यावर.

तुझं पत्र आज सकाळी आलं. तू लिहिलेल्या ओळी मी दोनदा वाचल्या आणि चपला न घालता स्टेशनावर गेलो. तारबाबूला म्हणालो, पोरांना तळ्यावर जाऊ देऊ नका, एवढंच लिहा, पण आत्ता पाठवा. त्यानं तार इंग्रजीत लिहून पाठवली. चाकूर स्टेशनात ती आजच पोचेल, शिरनाळला शिपाई उद्या सकाळी आणील. उद्या एकादशी.

मी स्वतः निघालो असतो. पण आज पहाटेपासून लताला कळा सुरू आहेत. शेषेरावला निरोप धाडला आहे, तो अजून आलेला नाही. उमाबाई दारातून ओरडून सांगतात, मास्तर, घर सोडायचं नाही. मी ओट्यावर बसून हे लिहितो आहे.

पत्राला तीन दिवस लागतात हे मला कळतं. तुझ्या हातात पडेल तेव्हा एकादशी होऊन गेलेली असेल. तरी लिहितो. पाय रुतला तर उपसायची धडपड करू नये. आडवं पडावं, हात पसरावेत, ओरडावं. हे मी तुला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

गुणा, पोरांना घरात कोंड. मारलंस तरी चालेल.

उद्धव


नांदेड
वैशाख शुद्ध १४

गुणा,

चार दिवस झाले. पत्र नाही, तार नाही.

एकादशीला सकाळी लता मोकळी झाली. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. तिनं डोळे उघडताच विचारलं, मुलांना कळवलं का? मी म्हणालो, हो. व्यंकट काय म्हणाला? मी म्हणालो, तो म्हणतो, बहिणीला वासरू दाखवायला आणतो. लता हसली. काल तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा काहीतरी रचून सांगितलं. आयुष्यभर ओळी जुळवल्या, इतक्या सहज कधी जुळल्या नाहीत. माझी मलाच शिसारी आली.

टपालवाला गल्लीत शिरला की मी आत जाऊन बसतो. उमाबाई पत्रं घेतात. त्यांच्या पावलांवरून मी ओळखतो की शिरनाळचं नाही.

शेषेराव येऊन बाळाला बघून लगेच परत गेला, त्याला रजा नव्हती. मी त्याला काही सांगितलं नाही. तो पुन्हा येईल त्या दिवशी मी निघतो. जे असेल ते लिही. इंदूला लिहिता येत असेल तर तिच्या हातानं लिही. येत नसेल तर वीरण्णाकडून लिहून घे. कोरा कागद धाडू नको.

उद्धव


शिरनाळ
वैशाख पौर्णिमा

आजोबांस इंदूचा नमस्कार.

व्यंकट जिवंत आहे. हे आधी लिही असं आत्याआजींनी सांगितलं. मीही आहे. माझ्या उजव्या हाताला जखम आहे आणि चार दिवस ताप होता, म्हणून पत्राला उशीर झाला. आज बोटं मिटतात. हणमंतकाका तार करणार होते, पण आत्याआजी म्हणाल्या, एका तारेनं माझं घर रडलं, आता बाळंतिणीच्या घरात तार धाडून दुसरं रडवायचं न्हाई, चार दिस दादानं कळ काढावी.

एकादशीला सकाळी शिपाई सायकलवरून तार घेऊन आला. कुणालाच वाचता येईना. शेजारच्या बाया जमल्या. एक जण म्हणाली, तार म्हणजे मयत. आत्याआजींनी भिंतीवर डोकं आपटलं आणि म्हणाल्या, लता गेली गं माझी. हणमंतकाका तार घेऊन चाकूरला धावले, तिथल्या स्टेशनमास्तरांकडून वाचून घ्यायला. हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही दोघं गोठ्यातून आलो तर आत्याआजींनी पटकन तोंड पुसलं. आमच्या मुठीत शेंगा आणि गूळ दिला आणि म्हणाल्या, जावा, तळ्याकडं खेळा, म्या हाक मारल्याबिगर घरी येऊ नका. त्यांना आमच्यासमोर रडायचं नव्हतं. त्याआधी त्यांनी आम्हाला एकटं तळ्याकडं कधीच सोडलं नव्हतं. व्यंकट म्हणाला, बघ, देवच पाठवतोय.

यंदा आम्हाला इंग्रजीची मोठी अक्षरं शिकवली आहेत. मला तार दाखवली असती तर सगळी नसती कळली, पण तळ्याचा शब्द मी जुळवला असता. या घरात आलेला प्रत्येक कागद माझ्या हातून गेला. तेवढा एकच गेला नाही.

म्हसोबाला पाठ लावून आम्ही चालू लागलो. व्यंकट हलका म्हणून पुढं. त्याच्या मनगटाला गळाचा दोर गुंडाळलेला, गळ माझ्या हातात, कारण त्याला तो टोचतो. आम्ही तुमच्या ओळी म्हणत होतो. भेगा संपल्या. तो चार पावलं गेला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, ताई, वास येतोय गं! आणि हसता हसता गुडघ्यापर्यंत गेला. आवाज झालाच नाही. भिजलेला पापड मोडतो तसं. त्यानं एक पाय उपसला तर दुसरा कमरेपर्यंत गेला. मी धावले तर माझाही पाय गेला. मी पडले, आणि पडल्यावर मात्र खाली गेले नाही. मी तशीच पडून दोर धरला. दोर सुटत होता. मग गळ माझ्या तळहातात शिरला आणि दोर सुटायचा थांबला.

भुजंगबाबा बंधाऱ्यावर उद्यासाठी डहाळे तोडत होते. ते तिथूनच ओरडले, "पोरी, हलू नकोस! पोरा, खाली बघू नको, वर बघ! घारी किती हायेत ते सांग मला!" व्यंकट म्हणाला, दोन. ते म्हणाले, "नीट बघ, तीन हायेत!" आणि आमच्या घराकडं पळाले. मला वाटलं आम्हाला सोडून गेले. व्यंकट घारी शोधत होता. लगदा त्याच्या काखेपर्यंत आला, मग गळ्यापर्यंत. तो हळू आवाजात म्हणाला, ताई, तिसरी दिसत नाही गं.

भुजंगबाबांनी आमच्या न्हाणीचं कवाड उचकटून आणलं. ते त्यावर चढू लागले तर कवाड खचलं. आत्याआजी मागून आल्या होत्या, त्यांनी त्यांना बाजूला ढकललं, "तू जड हायेस, सर." त्या कवाडावर पालथ्या पडल्या आणि भुजंगबाबांनी लांब काठीनं कवाड पुढं लोटलं. माझ्या शेजारून जाताना त्या म्हणाल्या, "तू अशीच पडून ऱ्हा, बाय. दोर सोडू नको." मग त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत लगद्यात घातले आणि व्यंकटला काखेत धरलं. ओढलं तर येईना. त्या त्याला म्हणाल्या, "चड्डी जाऊ दे, लाजू नको, पाय हलीव थोडं." खूप वेळ गेला. मग तो चड्डीशिवाय वर आला.

दुपारी हणमंतकाका तारेचा अर्थ घेऊन परतले. आम्ही दोघं ओट्यावर चिखलानं माखलेलो होतो. त्यांनी अर्थ सांगितला. आत्याआजी म्हणाल्या, म्हंजी लता हाय? काका म्हणाले, हाय. तेव्हा त्या आमच्यासमोर पहिल्यांदा रडल्या.

तुमचं दशमीचं पत्र परवा आलं. तुम्ही सांगितलं तसं मी सगळी पत्रं मोठ्यानं वाचली. आता आत्याआजी सांगतात ते लिहिते.

दादा, आईकलं म्या सगळं. माझ्या वाटनीचं बी आन पोरीच्या वाटनीचं बी. पोरीला बोल लावू नको. तिला तूच म्हनलास, आत्याला वाचलं न्हाई तरी चालंल. म्या बी पोरास्नी माझ्या हातानं तिकडं धाडलं. माझं मला आयुष्यभर पुरंल. तुजं तू बघ.

भुजंगानं पपडी म्होरं ढकलली, वद्य अष्टमीला ठरीवली. म्हनतो, ही दोन पोरं माझ्या डहाळ्यांतनं चालली पायजेत, सगळ्या घरासंगं, न्हाईतर जलमभर पान्याला भितील. म्या अजून व्हय म्हनलं न्हाई.

आन एक. तू लिवलंस, मधोमध आमी दोघं, कोरडे. म्या कवा कोरडी व्हते रं, दादा? येताना टेकाच्या कडंवरनं घसरून काखंपतूर गेले व्हते म्या. भुजंगाच्या बापानं केसाला धरून वर काढलं. पंचावन सालं झाली, म्या कदी इचारलं न्हाई, मास्तर मानूस, लहान व्हता, भेला असंल. आज तुज्या नातवाला तितंच काढल्यावर इचारते. तू इसरलास, का आठवून लिवलं न्हाईस?

गुणाबाई


नांदेड
वैशाख वद्य ३

गुणा,

शेषेराव आज आला. त्याला आणि लताला सगळं सांगितलं. लतानं बाळाला माझ्याजवळून उचलून आत नेलं. उद्याच्या गाडीनं निघतो. हे पत्र टपालात टाकत नाही, सोबत घेऊन येतो आणि इंदूच्या हातात देतो. तोंडानं सांगायला जमेल याची खात्री नाही. तिनं ते तुला वाचून दाखवावं, व्यंकटही तिथं असावा.

आठवत होतं.

पहिल्या पत्रात 'कोरडे' हा शब्द लिहिला आणि मी थांबलो. पुढचं लिहावं की नाही, असं मनात आलं. वाक्य वाचून पाहिलं. ते तिथंच संपलं तर चांगलं वाटत होतं. म्हणून संपवलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी वर्गात किती मुलांना सांगितली असेल, दर वेळी तिथंच संपवली. पुढं पुढं थांबावंसुद्धा लागत नसे. तू घसरलीस हे त्या मुलांना ठाऊक असतं, तर त्यातल्या एकाही पोरानं टेकाकडं बघितलंसुद्धा नसतं. इंदूनंही पाहिलं नसतं.

मी भेलो नव्हतो, गुणा. तू इतकी वर्षं माझ्यासाठी ते कारण धरून बसलीस, ते खोटं आहे. तू गेलीस तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो, पायाखाली टणक मुरूम. वाकलो असतो तर पोचलो असतो. माझ्या हातात मरळ होती. त्या साली गावातली पहिली, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अजून तडफडत होती. तू हात वर केलास. मरळ टाकल्याशिवाय माझा हात मोकळा होणार नव्हता. मी ती छातीशी आवळून काठाकडं पळालो. घरी सांगितलं, मदत बोलवायला पळालो होतो. मी कुणालाही हाक मारली नव्हती. भुजंगाचा बाप आपण होऊन आला.

पपडीचं तू ठरव. नेलंस तर पोरांच्या पुढं भुजंग असू दे, मागं तू. मी काठावर उभा राहीन, किंवा तू म्हणशील तर घरी राहीन.

त्या दिवशी आईनं मरळीचं कालवण केलं. तू गोधडीत थरथरत पडली होतीस, तू जेवली नाहीस. आईनं तुझ्या वाट्याचा तुकडा माझ्या ताटात घातला आणि म्हणाली, खा, तू पळालास म्हणून माझी पोर वाचली.

मी तो खाल्ला.

उद्धव